गोड चेस्टनटचे कुंपणखांब : टिकाऊपणाची कारणमीमांसा

प्रस्तावना

शेताच्या कडेला पुरलेला लाकडी खांब बहुधा एकाच जागी मोडतो. जमिनीच्या पातळीच्या लगत, वीतभर वर किंवा वीतभर खाली. मोडलेला खांब उपटून पाहिल्यास त्याचा वरचा भाग धडधाकट असतो, आणि खोल रुतलेले टोकही पुष्कळदा शाबूत निघते. कुजलेला असतो तो केवळ मधला पट्टा. कुंपणखांबाच्या टिकाऊपणाचा सगळा प्रश्न या अरुंद पट्ट्यात सामावलेला आहे. लाकडाची जात, तोडणीचे वय, फोडण्याची पद्धत, साल काढणे, पुरण्याची रीत या साऱ्यांचा विचार अखेर हा पट्टा किती काळ तग धरील या एका कसोटीवरच करावा लागतो.

इंग्लंडच्या आग्नेय भागातील केंट, पूर्व ससेक्स आणि पश्चिम ससेक्स या परगण्यांत या प्रश्नाचे एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ते म्हणजे गोड चेस्टनट या वृक्षाचे, कोणत्याही रासायनिक प्रक्रियेविना वापरलेले लाकूड. प्रस्तुत लेखात या लाकडाचे खांब का टिकतात, ते कसे घडवले जातात आणि ज्या वनातून ते येतात त्या वनाशी त्यांच्या आयुष्याचा काय संबंध आहे, याचे विवेचन केले आहे.

आरंभी नावाचा घोळ दूर करणे इष्ट ठरेल. मराठी वाचकाला ‘चेस्टनट’ म्हटल्यावर शिंगाडा आठवण्याचा संभव आहे, कारण इंग्रजीत शिंगाड्यालाही पाण्यातला चेस्टनट म्हणतात. या दोहोंचा परस्परांशी काहीही वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. युरोपातील उद्यानांत शोभेसाठी लावला जाणारा हॉर्स चेस्टनट हाही निराळाच वृक्ष असून त्याचे लाकूड मऊ व लवकर कुजणारे आहे. येथे अभिप्रेत असलेला वृक्ष म्हणजे ओक व बीच यांच्या कुलातील, म्हणजे फॅगेसी कुलातील कॅस्टेनिया सटायव्हा. त्याची फळे भाजून खाल्ली जातात. दक्षिण युरोप, आशिया मायनर व कॉकेशस हा त्याचा मूळ प्रदेश मानला जातो. तो ब्रिटनमध्ये रोमनांनी आणला असे दीर्घकाळ सर्वत्र लिहिले जात असे. तथापि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुरातत्त्वीय अवशेषांची फेरतपासणी झाली, तेव्हा रोमन काळात हा वृक्ष तेथे वाढवला जात असल्याचा विश्वसनीय पुरावा आढळला नाही. लिखित उल्लेख बाराव्या शतकापासून मिळतात.

तोडूनही न मरणारे वन

केंटमधील चेस्टनटचे वन पाहणाऱ्याला ते प्रथमदर्शनी वन वाटतच नाही. एका बुंध्यातून चार-सहा सरळ, काठीसारखे सोट वर गेलेले दिसतात, त्यांच्या फांद्या केवळ शेंड्याला असतात आणि शेजारच्या तुकड्यात सगळे सोट एकाच उंचीचे असतात. या पद्धतीला तेथे कॉपिस म्हणतात. झाड जमिनीलगत तोडायचे आणि खुंटातून येणारे फुटवे वाढू द्यायचे; ते पुरेसे जाड झाले की पुन्हा तोडायचे. उसाचा खोडवा ज्याने पाहिला आहे त्याला हे तत्त्व निराळे समजावण्याची गरज नाही. फरक इतकाच, की उसाचा खोडवा दोन-तीनदा घेतल्यावर जमीन मोकळी करावी लागते, तर चेस्टनटचा खुंट पुनःपुन्हा तोडूनही शतकाहून अधिक काळ फुटत राहतो. सागालाही खुंटातून फुटवे येतात आणि महाराष्ट्रातील वनव्यवस्थापनात या गुणाचा उपयोग झालेला आहे. पण चेस्टनटइतकी जोमदार आणि जलद फूट थोड्याच वृक्षांना लाभते. तोडणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच फुटवा एक ते दोन मीटर उंच होऊ शकतो.

तोडणी हिवाळ्यात, साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, होते. या अवधीत झाड सुप्त असते, वसंतात फुटव्यांना पूर्ण वाढीचा हंगाम मिळतो आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात व्यत्यय येत नाही. खुंटावर पाणी साचू नये म्हणून काप बाहेरच्या बाजूला उतरता ठेवतात. एका तुकड्याची पाळी बारा ते वीस वर्षांनी येते. कुंपणाच्या खुंटांसाठी पंधरा वर्षांच्या आसपासचा सोट पुरतो. कोपऱ्यावरच्या जाड खांबांसाठी तो आणखी काही वर्षे राखावा लागतो.

ही वने मुळात कुंपणासाठी वाढवलेली नव्हती, ही गोष्ट लक्षणीय आहे. केंटमधील हॉप्स या वेलीच्या मळ्यांना, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या पिकाला, आधाराच्या लांब काठ्या मोठ्या संख्येने लागत. १८७८ च्या सुमारास इंग्लंडमधील हॉप्सचे क्षेत्र ७० हजार एकरांहून अधिक होते आणि चेस्टनटच्या वनांचा विस्तार बव्हंशी या मागणीने घडवला. पुढे वेलींना काठ्यांऐवजी तारांच्या मांडवाचा आधार देण्याची पद्धत रूढ झाली, हॉप्सचे क्षेत्रही घटले, आणि ही वने निरुपयोगी ठरण्याची वेळ आली. विसाव्या शतकाच्या आरंभी चेस्टनटच्या चिरफळ्या तारेच्या पिळांत ओवून केलेल्या कुंपणाच्या गुंडाळ्यांना बाजारपेठ मिळाली आणि वने टिकली. या कुंपणासाठी बीएस १७२२ या ब्रिटिश प्रमाणकाचा स्वतंत्र चौथा भाग आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाळूचे ढिगारे थोपवण्यासाठीही अशीच कुंपणे वापरली जातात. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये चेस्टनट कॉपिसखाली सुमारे १८ हजार हेक्टर क्षेत्र असल्याचे नोंदले गेले आहे.

मध्यकाष्ठाचे गणित

खोडाचा आडवा छेद घेतल्यास दोन भाग दिसतात. बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. त्यातून पाण्याचे वहन चालू असते व त्यातील काही पेशी जिवंत असतात. आतला गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ. तेथील पेशी मृत झालेल्या असतात, आणि मरण्यापूर्वी त्यांनी विविध संरक्षक द्रव्ये साठवलेली असतात. कोणत्याही वृक्षाचे रसकाष्ठ टिकाऊ नसते. साग असो, ओक असो वा चेस्टनट, जमिनीच्या संपर्कात आलेले रसकाष्ठ काही वर्षांतच कुजते. ‘सागाचा खांब’ या शब्दप्रयोगात जी हमी गृहीत धरली जाते ती सागाच्या मध्यकाष्ठाची असते, आणि कोवळ्या सागाच्या बाबतीत ती फसवी ठरते.

चेस्टनटचे वेगळेपण येथेच आहे. या वृक्षात रसकाष्ठाचे मध्यकाष्ठात रूपांतर फार लवकर होते. रसकाष्ठात बहुधा दोन ते पाच वार्षिक वलयेच असतात. इंग्लंडमधील ओकमध्ये ही संख्या साधारणतः नऊपासून चाळिसापर्यंत आढळते; जुन्या इमारतींच्या तुळयांचे वय वलयांवरून काढणाऱ्यांना हा आकडा पदोपदी लागतो. याचा सरळ अर्थ असा, की पंधरा वर्षांचा ओकचा सोट बराचसा रसकाष्ठाचा असतो, आणि त्याच वयाचा चेस्टनटचा सोट बहुतांशी मध्यकाष्ठाचा. पूर्ण वाढलेल्या ओकचे मध्यकाष्ठ चेस्टनटच्या तोडीचे असते, परंतु त्यासाठी शंभर वर्षे थांबावे लागते.

या फरकाचे परिणाम आकड्यांत मांडता येतात. गोल खांबाचे वाकण्याविरुद्धचे बळ त्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. आठ सेंटिमीटर व्यासाचा चेस्टनटचा खुंट घेतला आणि त्याचे रसकाष्ठ सहा मिलिमीटर जाड मानले, तर ते सर्व कुजून गेल्यावर ६.८ सेंटिमीटर व्यासाचा निरोगी गाभा उरतो. ६.८ भागिले ८ म्हणजे ०.८५, त्याचा घन सुमारे ०.६१. म्हणजे खुंटाचे साठ टक्क्यांहून अधिक बळ शिल्लक राहते. आता तेवढ्याच जाडीचा, पण तीन सेंटिमीटर रसकाष्ठ असलेला पाइनचा खुंट घेतला, तर उरलेला गाभा केवळ दोन सेंटिमीटरचा; त्याचे बळ मूळच्या दोन टक्क्यांहूनही कमी. हा खुंट प्रक्रियेविना वापरणे म्हणजे काही वर्षांनी पडणारे कुंपण बांधणे होय. उदाहरण कल्पित असले तरी त्यातील प्रमाणे वास्तवाला धरून आहेत. चेस्टनटचा खुंट निवडताना काठावरची सेंटिमीटरभर जाडी ‘जाणारच’ असे धरून माप ठरवावे, हा व्यावहारिक नियम यातूनच निघतो.

युरोपीय प्रमाणक ईएन ३५० मध्ये लाकडाच्या नैसर्गिक टिकाऊपणाचे पाच वर्ग आहेत. पहिला वर्ग अतिटिकाऊ, पाचवा अटिकाऊ. चेस्टनटचे मध्यकाष्ठ दुसऱ्या वर्गात येते. ब्रिटनमधील जुन्या वर्गीकरणात याच पायऱ्यांना वर्षांची जोड दिलेली होती : पन्नास मिलिमीटर चौरस छेदाचे मध्यकाष्ठाचे खुंट जमिनीत पुरल्यावर पंचवीस वर्षांहून अधिक टिकले तर पहिला वर्ग, पंधरा ते पंचवीस वर्षे टिकले तर दुसरा. या आकड्यांचा विक्रेते सर्रास हमीसारखा उपयोग करतात, तो अयोग्य आहे. वर्गीकरणाचा हेतू जातीजातींची तुलना करणे हा आहे. माती, हवामान आणि खांबाची जाडी यांनुसार प्रत्यक्ष आयुष्य बदलते. जाड खांब पुष्कळ अधिक टिकतो, आणि एकाच झाडातील लाकडाचेही सर्व भाग सारखे नसतात. अनेक वृक्षांत मध्यकाष्ठाचा बाहेरचा थर केंद्रालगतच्या भागापेक्षा अधिक प्रतिकारक्षम असतो.

टॅनिन, पाणी आणि लोखंड

चेस्टनटच्या मध्यकाष्ठात टॅनिन वर्गातील द्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. त्यांतील कॅस्टॅलॅजिन व व्हेस्कॅलॅजिन ही प्रमुख होत. रासायनिक दृष्ट्या ही एलॅजिटॅनिने आहेत, आणि मराठी वाचकाला या कुटुंबातील एक सदस्य चांगला परिचित आहे. हिरड्यातील टॅनिने याच गटात मोडतात. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला हिरडा आणि बाभळीची साल लागते; इटली व फ्रान्समध्ये चेस्टनटच्या लाकडाचा अर्क त्याच कामासाठी काढला जातो. कातड्यातील प्रथिनांना बांधून त्यांचे कुजणे थांबवणारे हे द्रव्य लाकडात कवकांच्या विकरांना निष्प्रभ करते. विकरे हीही प्रथिनेच असल्याने दोन्हीकडे क्रिया तत्त्वतः एकच आहे.

तथापि सारे श्रेय टॅनिनला देणे एकांगी होईल. एलॅजिटॅनिने पाण्यात विरघळतात, आणि नव्या चेस्टनट खांबावरून पावसात तपकिरी ओघळ उतरतात ते याचेच द्योतक आहे. केवळ टॅनिनवर मदार असती तर ओलसर हवेत हा खांब लवकरच निःशस्त्र झाला असता. तसे होत नाही, कारण मध्यकाष्ठ तयार होताना त्यातील वाहिन्या शेजारच्या पेशींच्या फुग्यासारख्या वाढींनी बुजतात. पाणी आत शिरण्याची आणि द्रव्य बाहेर येण्याची वाट त्यामुळे अडते. टॅनिनचा काही अंश कालांतराने अविद्राव्य रूपात बदलतो. रासायनिक प्रतिकार आणि पाण्याची मंद गती या दोहोंच्या संयोगातून टिकाऊपणा निष्पन्न होतो. याची दुसरी बाजू अशी, की ज्या लाकडात पाणी सहज शिरत नाही त्यात संरक्षक रसायनही दाबाखाली नीट शिरत नाही. चेस्टनटच्या मध्यकाष्ठावर प्रक्रिया करण्याचा खटाटोप म्हणूनच कोणी करीत नाही.

टॅनिनयुक्त आम्लधर्मी लाकडाचे लोखंडाशी जमत नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळी शाई तयार होते, हे जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांना माहीत होते. चेस्टनटच्या ओल्या खांबात साधा लोखंडी खिळा ठोकला की तीच शाई खिळ्याभोवती उमटते. प्रश्न केवळ डागाचा असता तर दुर्लक्ष करता आले असते. परंतु खिळा झिजतो, त्याच्याभोवतीचे लाकूड दुर्बल होते आणि तार सैल पडते. यास्तव तार बसवण्यासाठी जाड जस्तलेपाचे, किंवा शक्य तेथे स्टेनलेस स्टीलचे, यू आकाराचे खिळे वापरले जातात. ते तंतूंच्या रेषेला तिरपे ठोकावेत, म्हणजे दोन्ही टोके एकाच तंतूवर पडून लाकूड फाकत नाही. ते पूर्ण आत ठोकू नयेत, कारण तारेला ताण देताना ती खिळ्याखालून सरकावी लागते.

चिरणे आणि कापणे

चेस्टनटचे लाकूड ओकपेक्षा हलके असते. वाळल्यावर त्याचे वजन घनमीटरला साधारण ५५० किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर ओकचे सुमारे ७०० किलोग्रॅम. कॉपिसमधील दाटीमुळे सोट सरळ वाढतो, त्याला खालच्या फांद्या राहत नाहीत, आणि म्हणून तो पाचर मारताच टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ उभा फाटतो. वयस्क चेस्टनटच्या खोडावर सालीच्या भेगा पिळाच्या दोरीसारख्या फिरलेल्या दिसतात. असे पिळाचे लाकूड चिरण्यास निरुपयोगी असते. लवकर तोडण्याचे आणखी एक कारण त्याच्या एका दोषात आहे. मोठ्या वयाच्या चेस्टनटमध्ये वार्षिक वलये एकमेकांपासून सुटतात, आणि कापल्यावर फळी आतून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी अलग होते. इमारती लाकूड म्हणून या वृक्षाची प्रतिष्ठा ओकहून कमी राहिली ती या दोषामुळे. खांबासाठी तोडलेल्या तरुण सोटाला त्याची फारशी बाधा होत नाही.

चिरण्याचे काम लाकूड ओले असतानाच करावे लागते. वाळलेले लाकूड चिवट होते. सोट एका आधाराच्या सांगाड्यात अडकवला जातो. काटकोनात मूठ बसवलेले एक लांब, बोथट पाते, ज्याला तेथे फ्रो म्हणतात, टोकावर बरोबर मध्यभागी टेकवून लाकडी मोगरीने ठोकले जाते. फट पडली की ठोकणे थांबते आणि मुठीच्या तरफेने फट पुढे नेली जाते. पाते येथे कापत नाही, तंतूंना केवळ अलग करते. दोन्ही बाजूंची जाडी समान असेपर्यंत फट मध्यातून धावते. ती पातळ बाजूकडे सरकू लागली, तर जाड बाजू खाली करून तिच्यावर दाब दिला जातो. जाड बाजू वाकली की फट पुन्हा मध्याकडे वळते. एवढ्या एका युक्तीवर कारागिराचे सारे कौशल्य उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. लहान सोटाचे दोन भाग केले जातात, जाड सोटाचे चार.

करवतीचे पाते सरळ रेषेत जाते, तंतू मात्र क्वचितच पूर्ण सरळ असतात. त्यामुळे कापलेल्या खांबाच्या पृष्ठभागावर असंख्य तंतू मध्येच तुटलेले असतात आणि त्यांची उघडी तोंडे पाणी शोषतात. चिरलेल्या खांबात तंतू वरपासून खालपर्यंत अखंड राहतात. पाणी त्यावरून ओघळून जाते आणि बळही अधिक मिळते, कारण वाकणारा ताण तुटलेल्या तंतूंपाशी येऊन अडत नाही. चिरलेला खांब दिसायला वाकडातिकडा असतो. सुबकतेच्या हौसेने रंधा मारून तो गुळगुळीत करणारे ग्राहक त्याचा एक मुख्य गुण पैसे देऊन काढून टाकतात.

साल मात्र काढलीच पाहिजे. सालीखाली ओल धरून राहते, तेथे किडे घर करतात आणि रसकाष्ठ त्वरेने कुजते. ताज्या सोटाची साल दोन मुठींच्या ओढसुरीने सहज निघते.

पुरण्याची रीत

कवकांना अन्न, ऊब, ओल आणि हवा या चारही गोष्टी एकत्र लागतात. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजण्याची क्रिया सुरू होत नाही; जमिनीवरचा भाग पावसानंतर वाळून या मर्यादेखाली येत राहतो. खोल जमिनीत ओल भरपूर असली तरी प्राणवायू तुटपुंजा असतो. जमिनीच्या पातळीवर मात्र दोन्ही अनुकूल असतात, आणि वाऱ्याने व जनावरांच्या अंग घासण्याने येणारा वाकणारा ताणही तेथेच सर्वाधिक पडतो. सर्वाधिक ताण आणि सर्वाधिक कूज एकाच जागी आल्यावर खांब अन्यत्र मोडण्याचे कारण उरत नाही.

सामान्य खुंट १.७ ते १.८ मीटर लांबीचा असतो. त्याच्या एका टोकाला कुऱ्हाडीने चार बाजूंनी सारखी उतार देणारी टोकदार अणी काढतात आणि साधारण तिसरा हिस्सा जमिनीत जाईल असा तो ठोकतात. अणी एका बाजूला झुकली तर ठोकताना खुंट तिरपा जातो. कठीण जमिनीत आधी पहारीने भोक पाडले जाते. ठोकलेल्या खुंटाभोवतीची माती न हलल्याने घट्ट राहते, म्हणून बारीक खुंटांसाठी खड्डा खणण्यापेक्षा ठोकणे श्रेयस्कर. तारेचा ताण घेणारे कोपऱ्यावरचे खांब मात्र सव्वादोन मीटरच्या आसपास लांब व १५ ते २० सेंटिमीटर जाड असतात; ते जवळजवळ मीटरभर खोल खड्ड्यात उभे करून माती थराथराने धुमसली जाते. शेवटी डोक्याला उतरता काप देतात, कारण तुटलेल्या तंतूंची तोंडे वर उघडी असतात आणि सपाट डोक्यावर पाणी साचते.

खड्ड्यात सिमेंट काँक्रीट ओतण्याची सवय सर्वत्र बोकाळली आहे. लाकडाच्या बाबतीत ती अहितकारक ठरते. ओले लाकूड वाळताना आक्रसते, काँक्रीट आक्रसत नाही. दोहोंमध्ये बारीक फट पडते व त्या पेल्यात पाणी उतरून साचते. कुजण्यास प्रतिकूल असलेला खोलवरचा भागही मग सुरक्षित राहत नाही. धुमसलेली माती किंवा पाणी निचरणारी खडी यापेक्षा बरी.

काही जुन्या समजुतींचाही येथे परामर्श घ्यावा लागेल. पुरायचे टोक जाळून कोळसा करण्याची रीत युरोपात आहे, तशीच ती महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही अपरिचित नाही. कोळसा कवक खात नाही हे खरे. परंतु जळताना व नंतर वाळताना लाकडाला भेगा पडतात, त्यांतून कवक कोळशाच्या पातळ थरापलीकडे पोहोचते, आणि जळालेल्या जाडीइतके बळही जाते. चाचण्यांमध्ये या उपायाचा भरवसा देता आलेला नाही. दुसरी समजूत अशी, की झाडाचा शेंड्याकडचा भाग खाली ठेवून पुरलेल्या खांबात पाणी वर चढत नाही. मेलेल्या लाकडातील वाहिन्यांना दिशा उरत नाही. पाणी दोन्हीकडून सारखेच शोषले जाते. कोणते टोक खाली ठेवावे हे जाडीवरून ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे.

रसायनाशी स्पर्धा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात चेस्टनटला खरे आव्हान मिळाले ते रसायनाच्या दाबाखाली मुरवलेल्या पाइन व स्प्रूसच्या स्वस्त खांबांचे. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांनी मुरवलेले खांब दशकानुदशके टिकत. आर्सेनिकच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २००३ मध्ये या रसायनावर कडक निर्बंध आणले आणि २००६ पर्यंत त्याने लाकडावर प्रक्रिया करणे तेथे थांबले. त्याची जागा तांब्यावर आधारलेल्या अन्य मिश्रणांनी घेतली. त्यानंतर ब्रिटनमध्ये नवे खांब चार-पाच वर्षांतच मोडू लागल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांकडून वारंवार आल्या. दोष केवळ नव्या रसायनाचा नव्हता. काही कवके तांबे सहन करतात हे खरे, पण लाकूड पुरेसे न वाळवता मुरवणे, रसायन खोलवर न जाणे आणि मुरवल्यावर टोक काढून आतला कोरा भाग उघडा पाडणे ही कारणेही तितकीच महत्त्वाची होती. योग्य रीतीने प्रक्रिया झालेला खांब आजही चांगला टिकतो. ग्राहकाला मात्र बाहेरून दोहोंतील भेद दिसत नाही. चेस्टनटच्या खांबाचा छेद उघड असतो. मध्यकाष्ठ किती व रसकाष्ठ किती हे टोकावर डोळ्यांनी मोजता येते, आणि टोक पुन्हा काढले तरी आतले लाकूड तेच असते. जमिनीलगत कुजलेल्या खांबाचा वरचा निरोगी भाग आखूड खुंट म्हणून पुन्हा वापरता येतो व शेवटी चुलीत निर्धास्तपणे जाळता येतो. आर्सेनिकने मुरवलेल्या लाकडाची धग घेणे धोक्याचे असते.

खांबाचे आयुष्य आणि वनाची पाळी यांचा मेळ हा या व्यवस्थेचा सर्वांत विचारार्ह भाग होय. एक किलोमीटर कुंपणाला अडीच मीटर अंतराने चारशे खुंट लागतात. हेक्टरी ९०० बुंधे, प्रत्येक बुंध्यावर तीन उपयुक्त सोट आणि प्रत्येक सोटातून दोन खुंट असा मध्यम हिशोब धरला, तर एका तोडणीत हेक्टरी ५,४०० खुंट निघतात. चारशे खुंटांसाठी सुमारे साडेसात गुंठे वन पुरे होते. खुंट पंधरा ते पंचवीस वर्षे टिकतो आणि त्याच बुंध्यावर पंधरा वर्षांत नवा खुंट तयार असतो. खांब कुजण्याआधी त्याचा वारस उभा राहतो, आणि त्यासाठी नवे रोप लावावे लागत नाही.

मागणी थांबल्यावर

हा मेळ दोन्ही बाजूंनी मोडू शकतो. एक बाजू रोगांची. कवकजन्य करपा १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळला आणि त्याने पुढील काही दशकांत अमेरिकेतील चेस्टनटची जात मोठ्या वृक्षाच्या रूपात जवळजवळ नाहीशी केली. १९३८ मध्ये तो इटलीतील जेनोआजवळ दिसला व २०११ मध्ये इंग्लंडमध्ये. युरोपीय जात काहीशी अधिक सोशिक ठरली, आणि करप्याच्या कवकालाच दुर्बल करणारा एक विषाणू युरोपात पसरल्याने तेथे अमेरिकेसारखा संहार झाला नाही. मुळे कुजवणारा शाईरोग जुनाच आहे. पानांवर व कळ्यांवर गाठी आणणारी पौर्वात्य गांधीलमाशी २०१५ मध्ये केंटमध्ये आढळली. करपा सालीत राहत असल्याने सालीसह लाकडाची ने-आण धोक्याची असते; खांबाच्या टिकाऊपणासाठी साल काढण्याची जुनी शिस्त येथे दुसऱ्या कारणानेही उपयोगी पडते.

दुसरी बाजू मागणीची आहे, आणि ती अधिक दुर्लक्षित आहे. नियमित तोडणीमुळे वनाचा एखादा तुकडा आळीपाळीने उघडा होतो, जमिनीवर ऊन पोहोचते आणि काही वर्षे रानफुले बहरतात. कँटरबरीजवळच्या ब्लीनच्या वनातील हीथ फ्रिटिलरी हे दुर्मीळ फुलपाखरू अशा नव्याने उघडलेल्या जागांवर अवलंबून आहे. चेस्टनटची दाट सावली खाली फारसे काही उगवू देत नाही, त्यामुळे तोडणी थांबली की हे फुलपाखरू त्या तुकड्यातून जाते. खांबांना गिऱ्हाईक नसेल तर तोडणीचा खर्च कोणी उचलत नाही. पाळी चुकलेले सोट जाड व उंच होत जातात, वाऱ्याने बुंध्यासकट उपटले जातात, त्यांची वलये सुटू लागतात आणि चिरण्याजोगे लाकूड कमी होते. अशा तुकड्यात हरणांपासून बचाव करणारे कुंपण घालून तोडणी पुन्हा सुरू केली तरी पहिल्या खेपेस हाती येते ते मुख्यतः सरपण. खांबांचे सोट त्यानंतरच्या तोडणीस, म्हणजे आणखी सुमारे पंधरा वर्षांनी मिळतात.